ज्यांच्यापुढे बोललीस, त्यांच्यापुढेच

मी तीस वर्षांची होईपर्यंत हे वाक्य बायबलमधलं आहे असंच समजत होते. माझे वडील ते ज्या आवाजात म्हणत, त्या आवाजात ते एरवी फक्त बायबलच वाचत, म्हणून तसा समज झाला असावा. ‘ज्यांच्यापुढे बोललीस, त्यांच्यापुढेच.’ एवढंच. पुढचं कुणी विचारायचं नाही. लग्नानंतर कधीतरी एका फादरांना मी विचारलं की हे कुठल्या अध्यायात येतं. त्यांनी आठ दिवस मागून घेतले आणि मग हसत सांगितलं, बाई, हे कुठंच नाही, हे तुमच्या वडिलांचंच दिसतंय.

वडील नगरकडच्या एका खेड्यात धर्मशिक्षक होते. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येत, मिस्सा म्हणजे उपासनेचा विधी करत, जेवत आणि पुढच्या गावाला जात. बाकीचे एकोणतीस दिवस देव आणि माणसं दोन्ही वडिलांच्या अंगावर. संध्याकाळी घरात रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची आणि रोजरी संपली की ताटात भाकरी पडण्याआधी आम्हा तिघा भावंडांना एक प्रश्न असे: आज समोर नसलेल्या माणसाबद्दल कोण काय बोललं? खोटं बोलायची सोय नव्हती, कारण आम्ही तिघं एकाच शाळेत होतो आणि एकमेकांची अंडीपिल्ली जाणून होतो.

चौथीत असताना माझी पट्टी हरवली. वर्गातल्या एका मुलीनं ती चोरली असं मी चार मैत्रिणींना सांगून टाकलं. पट्टी आमच्याच घरात, गव्हाच्या कोठीखाली सापडली. संध्याकाळी मी मान खाली घालून कबूल केलं आणि वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील सायकल घेऊन दारात उभे. मी म्हणाले, “मी तिला सॉरी म्हणते ना.” ते म्हणाले, “तिला म्हणशीलच. पण तू तिला कुठं सांगितलं होतंस? ज्यांच्यापुढे बोललीस, त्यांच्यापुढेच.” त्या चौघींना त्यांनी शाळेच्या हौदापाशी बोलावलं, त्या मुलीलाही बोलावलं, आणि स्वतः सायकलची घंटी पुसत लांब उभे राहिले. माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत शाळेची घंटा झाली. त्या दिवशी मला वडिलांचा भयंकर राग आला. माझ्या जिभेचा मात्र आला नाही, आणि तिथंच माझं चुकलं असं आता वाटतं.

कारण जीभ तशीच राहिली. मी नर्स झाले, लग्न करून भोरला आले, नवऱ्याची नोकरी भोरमध्ये आणि माझी बदली वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीच्या बाजूला. वाडीचं नाव सांगणार नाही. उपकेंद्राला लागून एक खोली आहे, सोमवार ते शुक्रवार मी तिथं राहते, शनिवारी मार्गासनीला एसटी बदलत बदलत भोरला जाते. अकरा वर्षं झाली. मागंपुढं एकही कॅथलिक घर नाही. उपवासकाळात मी मटण बंद केलं की बायका विचारतात, “हा कुठला उपास वो सिस्टर, श्रावण तर लई लांब हाय.” मी सांगते, त्या ऐकतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात. मिस्सा पुण्याला, महिन्यातून दोनदा जमली तर नशीब. चर्च इतकं लांब असलं की माणसाजवळ उरतात ते पाठ असलेले शब्द. स्कूटरवर रोजरी म्हणत मी कितीतरी घाट चढले आहे. वडिलांचं वाक्यही त्यातच कुठंतरी असायचं. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली.

तर दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली ही गोष्ट.

वरच्या आळीतली एक बाई उपकेंद्रात आली. तिशीची असेल. माहेर भोंगवलीचं. ज्वारीच्या मुलखातली पोर भाताच्या मुलखात नांदायला आली आणि इथल्या बायकांपेक्षा सरळ ओळीत लावणी करायला शिकली, असं तिचं गावात नाव होतं. नवरा पुण्यात टेम्पो चालवतो, घरी ती आणि म्हातारी सासू. तिला तीन आठवडे खोकला होता. आमच्या गावची आशा कार्यकर्ती दोनदा तिच्या घरी जाऊन आली होती, आणि दोन्ही वेळा हिनं ‘काय न्हाई, धुराचा हाय’ म्हणून तिला परत पाठवलं होतं. मी तपासलं, वजन घेतलं, थुंकीच्या नमुन्याची डबी दिली आणि चांगली झापलीसुद्धा. तीन आठवडे अंगावर काढतात का, म्हणून. ती छत्री उघडून निघून गेली.

बाहेर ओट्यावर तिघी बसल्या होत्या. एक नातवाला लस टोचायला घेऊन आलेली, दोघी ब्लडप्रेशर मोजायला. त्यातली एक म्हणाली, “काय झालंय वो तिला?” माझा राग अजून उतरला नव्हता. मी दारात उभी राहून म्हणाले, “काय होणार! टीबी आणलाय घरात. बसा आता सगळ्यांनी खोकत.”

मला ते वाक्य जसंच्या तसं आठवतं. हात पुसत बोलले होते. बोलून आत गेले, लस भरली, बाळाच्या मांडीला टोचली, बाळ रडलं, आजी हसली. संध्याकाळी माझ्या मनात त्या वाक्याचा लवलेशही नव्हता. घरातली ती जेवणाआधीच्या प्रश्नाची सवय केव्हाच सुटली होती, कारण विचारणारं कुणी नव्हतं.

त्या दिवसांत वाडीत लावणी जोरात होती. आमच्याकडे लावणी सावडीनं होते. म्हणजे आज सगळ्या बायका तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. मजुरी नाही, हिशेब नाही, फक्त पाळी. कुणाची पाळी कधी हे एक म्हातारी ठरवते. तिला सगळे मुकादमीण म्हणतात आणि तिच्या शब्दापुढं सरपंचसुद्धा जात नाही. रोप साधारण तीन-चार आठवड्यांचं झालं की लावावं लागतं. त्याहून जून झालं की फुटवा कमी, भात कमी. म्हणून पाळी चुकणं म्हणजे वर्षभराचं खाणं चुकणं.

दहा-बारा दिवसांनी मी गृहभेटीला चालले होते. सगळा उतार हिरवा झालेला, एकेका खाचरात रोपं ओळीनं उभी. मध्येच तीन खाचरं नुसती चिखलाची, आणि वरच्या कोपऱ्यात रोप तसंच दाट, वाढून पिवळं पडायला लागलेलं. खाली वाकून दोघी जणी लावत होत्या. एक ती भोंगवलीची, दुसरी तिची सासू. सासू दर चार रोपांना कमरेवर हात ठेवून उभी राहत होती. सून तर उपकेंद्रात येण्याआधी दोन आठवडे सगळ्यांच्या खाचरांत राबलेली मी स्वतः पाहिली होती. मी आशाला विचारलं, “हिची पाळी कशी राहिली गं?”

आशा माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “सिस्टर, तुमीच तर बोल्लात. वट्यावर.”

“काय बोलले?”

“टीबी हाय म्हनून. मंग बाया कशा जातील तिच्या बांधावर? भाकरीचं फडकं सोडून हितं समद्या एका जागी बसून खात्यात. कुनी तिचा तांब्या बी घेत न्हाई.”

मी खरंच ते विसरले होते. लहानपणी शाळेच्या हौदापाशी जे वाटलं होतं तेच पन्नाशीच्या उंबऱ्यावर पुन्हा वाटलं, आणि त्या वेळी निदान पट्टीचाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टीबी नव्हता. छातीत कफ, चुलीचा धूर आणि ओल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं खोकला निम्म्यावर आलाही होता. मी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच माणूस जे करतो तेच केलं, सोपी वाट काढली. आशाला सांगितलं, घरोघर जाऊन सांग, रिपोर्ट चांगला आहे. ती बिचारी पावसात फिरली. बायका म्हणाल्या, ती आशाची चुलतजाऊ लागते, आशा झाकणारच.

मग मला आणखी हुशारी सुचली. गावाच्या मोबाईल ग्रुपवर मी एक सुबक मजकूर टाकला. क्षयरोग पूर्ण बरा होतो, घाबरू नका, कुणाला वाळीत टाकू नका. खाली हात जोडल्याचं चित्र. कुणाचं नाव नाही, माझं नाव नाही, सगळं कसं सभ्य. संध्याकाळी आशा आली ती कपाळाला हात लावूनच. “सिस्टर, काय केलंत वो! आता समदी म्हनत्यात, सिस्टरनी ग्रुपवर बी टाकलं, म्हंजी हायेच तिला.”

त्या शनिवारी भोरला गेले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, तोंड का उतरलंय? मी म्हणाले, पावसानं. रविवारी पहाटेची एसटी पकडून पुण्याला गेले. मिस्सेच्या सुरुवातीला आम्ही छातीवर हात मारून कबूल करतो की आम्ही विचारानं, शब्दानं आणि कृतीनं चुकलो. हजारो वेळा म्हटलंय मी ते. त्या दिवशी ‘शब्दानं’ला माझा हात छातीवर जरा जोरात लागला. त्याआधी मी पापनिवेदनाला गेले होते. जाळीपलीकडचे फादर माझ्या मुलाच्या वयाचे. मी सगळं सांगितलं. खरं सांगते, मला हलकं होऊन परत यायचं होतं.

ते म्हणाले, “तुम्ही आज इथं आलात, हे त्या बाईला माहीत आहे?”

“नाही.”

“ज्या तिघींना तुम्ही सांगितलं, त्यांना?”

“नाही.”

“मग तुम्ही इथून क्षमा घेऊन गेलात तरी तिची लावणी कोण करणार?” मग ते म्हणाले, “क्षमा देव देतो, ती मिळेल. तिचं नाव तुम्ही काढून घेतलंत, ते तुम्हालाच परत नेऊन द्यावं लागेल.”

मला राग आला. तरण्या पोरानं आपल्याला लावणी शिकवावी! बाकावर येऊन गुडघे टेकले आणि डोळे मिटले तर समोर वडील, सायकलची घंटी पुसत. एरवी ते मला फक्त आठवतात. त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमचं बरं होतं, चार पोरींपुढं उभं करायचं होतं. माझ्यापुढं आख्खी वाडी आहे, नोकरी आहे, इतक्या वर्षांचा मान आहे. नर्सनं पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कुणी अर्ज केला तर चौकशी लागेल. वडील घंटी पुसत राहिले. मिस्सा संपेपर्यंत माझं भांडण संपलं आणि परतीच्या एसटीत बसताना माझं ठरलं होतं. तिच्यापासून सुरुवात करायची, मग त्या तिघी.

सोमवारी दुपारी मी वरच्या आळीला गेले. पाऊस धो धो. सासू दारात बसून दोरी वळत होती, म्हणाली, “आत या वो, भिजताय.” सून चुलीपाशी होती. तिनं काही या म्हटलं नाही. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि सांगितलं की रिपोर्ट चांगला आहे, आणि मी ओट्यावर तिघींपुढं तुझ्याबद्दल टीबी म्हणाले, ती माझी चूक झाली, माझ्यामुळं तुझी पाळी गेली, मला माफ कर.

तिनं तवा उतरवला. म्हणाली, “रिपोट चांगला आला म्हनून आलात तुमी.”

तिनं तवा भिंतीला लावला.

“वाईट आला असता तर? तवा आला असतात का?”

सासू म्हणाली, “असं बोलू नगं सिस्टरना.” सून म्हणाली, “मी इचारतीया फक्त.”

मी ‘येते’ म्हणून निघाले. पाय घसरून एकदा बसलेसुद्धा, लुगडी वाळत घातलेल्या पडवीतून दोन पोरी हसल्या. खोलीवर येऊन ओली साडी तशीच ठेवून खाटेवर बसून राहिले. तिचा प्रश्न बरोबर होता. रिपोर्ट वाईट आला असता तर मी गेले नसते. मी म्हणाले असते, बघा, मी सांगत होते. तिची खाचरं तशीच पडली असती, रोप तसंच पिवळं पडलं असतं, आणि मी मात्र स्वतःला खरी समजून रोज रोजरी म्हटली असती. खरं होतं म्हणून बोलायचा मला हक्क होता असं थोडंच आहे! देवाच्या दहा आज्ञांतली आठवी आज्ञा आम्ही पोरं ‘खोटं बोलू नका’ अशीच पाठ करायचो. वडील मात्र शिकवताना एक जास्तीचं सांगत: दुसऱ्याचं खरंसुद्धा विनाकारण वाटायचं नसतं, त्यानंही त्याचं नाव जातं. हे मला पाठ होतं. कधी उपयोगात आलं नव्हतं, कारण माझी बहुतेक बोलणी खरीच असायची, आणि त्याचा मला तोरा होता.

म्हणजे मंगळवारी सावडीच्या बांधावर त्या तिघींपुढं जाऊन ‘तिला टीबी नाही’ एवढं सांगून भागणार नव्हतं. आणखी एक वाक्य बोलायचं होतं आणि तेच अवघड होतं. आशाला सांगितलं तर ती घाबरली. “नका वो सिस्टर. रिपोट चांगला हाय येवढंच सांगा. दुसरं बोल्लात तर उद्या कोनबी तालुक्याला अर्ज करंल. तुमची बदली झाली तर आमी काय करायचं?” मी म्हणाले, “तू फक्त छत्री धर.”

मंगळवारी सावड त्या तिघींपैकीच एकीच्या खाचरात होती, म्हणजे ओट्यावरच्या तिघी तिथं होत्याच आणि वर आणखी पंधरा-सोळा जणी. प्लॅस्टिकचे कागद पाठीवर बांधून सगळ्या वाकलेल्या, गाणं चाललेलं. मी बांधावर उभी राहिले. मुकादमिणीनं वर बघितलं, “काय सिस्टर, हितं बी लस टोचताय का काय?” सगळ्या हसल्या. गाणं थांबलं.

मी त्या तिघींकडे बघून बोलले. म्हणाले, “मागं पंधरा-वीस दिवसांपूर्वी तुम्ही तिघी ओट्यावर होतात. मी तुमच्यापुढं म्हणाले की वरच्या आळीतल्या हिला टीबी आहे. तेव्हा तपासणी झालीसुद्धा नव्हती. मी रागानं बोलले. रिपोर्ट आलाय, तिला टीबी नाही.” आशानं छत्री माझ्या डोक्यावर आणखी पुढं सरकवली. “आणि रिपोर्ट वाईट असता तरीसुद्धा ते मी तुम्हाला सांगायचं नव्हतं. तिचं दुखणं तिचं आहे. मी नर्स आहे, मला ते कळायला पाहिजे होतं. तिची पाळी तुम्ही चुकवली ती माझ्या बोलण्यावरून. कुणाला माझ्याविरुद्ध अर्ज करायचा असेल तर करा, मी असंच लिहून देईन.”

एकीनं रोपाची जुडी सोडली आणि लावायला लागली. दुसरी लागली. पाचएक मिनिटं मी नुसती उभी. मला वाटलं होतं रडारड होईल, कुणी तरी ‘जाऊ द्या’ म्हणेल. काही नाही. निघणार तेवढ्यात मुकादमीण वर न बघता म्हणाली, “बोल्लात ते बरं केलंत. पन बाया डोळ्यानं बघत्यात. तुमी जेवाल का तिच्या संगं, एका ताटात?”

“जेवेन,” मी म्हणाले.

“उद्या?”

“उद्या.”

बुधवारी मी किरकोळ रजा टाकली. सकाळी सातला साडी खोचून तिच्या खाचरात उतरले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि रोपाची एक जुडी माझ्या हातात दिली, या म्हणाली नाही की जा म्हणाली नाही. नगरकडची मी, आयुष्यात भात लावलेला नाही. पहिल्या ओळीनंतर ती म्हणाली, “येवढं खोल रोवू नका, कुजंल.” दुसऱ्या ओळीनंतर म्हणाली, “आता लईच वर लावलं, वाहून जाईल.” माझी पाठ मोडली, बोटांच्या पेरांत चिखल गेला, आणि माझी ओळ म्हणजे काय सांगू, गुरं पाण्यावर जातात तशी वाकडी. सासू बांधावर बसून हसत होती. दहा वाजले तरी कुणी आलं नाही. मी मनात म्हटलं, नाही आल्या तरी मी उद्या येणार, परवाही येणार, माझ्या किती रजा शिल्लक आहेत ते मला माहीत होतं.

अकराच्या सुमारास तिनं फडकं सोडलं. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. आम्ही तिघी बांधावर बसलो. सगळ्यांच्या नजरा शेजारच्या खाचरांतून आमच्याकडे लागलेल्या मला कळत होत्या. तिनं एकच ताट काढलं. मी तिच्या बाजूनं भाकरी तोडली, तिच्या चटणीत बुडवली, आणि तिच्या तांब्यातून पाणी प्यायले. मला बाकी काही सुचेना म्हणून जेवणाआधीची प्रार्थना मनातल्या मनात म्हटली. आज शुक्रवार असता तर सुकटीचं काय, हेही माझ्या डोक्यात येऊन गेलं, खरं तर बुधवार होता आणि शुक्रवारी मटण वर्ज्य असलं तरी मासळी चालते आम्हाला. घाबरलं की डोक्यात काहीही येतं.

दुपारी मुकादमीण आली. तिच्यामागं चौघी. त्यात ओट्यावरची एक होती, नातवाला लस टोचून नेलेली. त्यांनी जुड्या उचलल्या. मुकादमिणीनं माझ्या ओळी बघितल्या आणि म्हणाली, “सिस्टर, तुमी आता बांधावर बसा. तुमचं समदं उपटून परत लावायला लागतंय.” मी बसले. दुसऱ्या दिवशी अकरा जणी आल्या. ओट्यावरच्या बाकीच्या दोघींतली एक त्यानंतर आली, एक कधीच आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाचरं लागली. रोप जून झालं होतं ते झालंच होतं. दिवाळीनंतर कापणी झाली तेव्हा तिचा भात दरवर्षीपेक्षा कमी भरला. ते मला भरून देता आलं नाही. मी विचारलंही होतं, तर ती म्हणाली, “नगं. सावडीत पैशे न्हाई घेत कोन.”

अर्ज कुणी केला नाही. मी स्वतःच डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी लेखी समज दिली, ती माझ्या फाइलला लागली आहे. त्या दिवसापासून मी जेवणाआधी वडिलांचा प्रश्न स्वतःला विचारायला लागले. एकटीच असते खोलीत, मोठ्यानं विचारते. सुरुवातीला महिन्यातून तीन-चार वेळा तरी मला सकाळी उठून कुणाच्या तरी दारात जावं लागे. एसटीच्या कंडक्टरबद्दल बोलले होते ते एसटीतच परत घेतलं, त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. आता इतकं जावं लागत नाही. तोंडात आलेलं वाक्य दाताशी येऊन थांबतं, कारण उद्या सकाळची पायपीट आधी दिसते. मी काही फार चांगली बाई झालेय असं नाही. चालायचा कंटाळा येतो, हेही त्यात आहे.

ती मात्र त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी वाट बघितली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. तिनं मला माफ केलं असं एकदा तरी म्हणावं, असं मला फार वाटायचं. ती म्हणाली नाही आणि मी पुन्हा मागितलं नाही.

गेल्या आषाढात, लावणीच्याच दिवसांत, ती सासूला ब्लडप्रेशर मोजायला घेऊन आली. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. तेवढ्यात आतून एक बाई तपासून घेऊन बाहेर पडली, डोळे पुसत, पदर तोंडाला लावून. ती उतार उतरून जाईपर्यंत आम्ही तिघी बघत होतो. मी दारात उभी होते, हात पुसत. तेव्हा ही म्हणाली, “काय झालंय वो तिला, सिस्टर?”

मी तिच्याकडे बघितलं. ती उताराकडे बघत नव्हती, थेट माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, “ते मी नाही सांगणार.”

“वाईट हाय व्हय?”

“चांगलं असलं तरी नाही, वाईट असलं तरी नाही.”

मग तिनं सासूच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि माझ्यापुढून आत नेताना म्हणाली, “तेच बघत हुते.”

मी सासूच्या दंडाला पट्टा बांधला आणि ब्लडप्रेशर घेतलं. मशीनचा आकडा मला दोनदा बघावा लागला, डोळ्यांत पाणी आलं होतं. आकडा मी सासूला सांगितला, फक्त तिला, हळू आवाजात.